पालेर्मोची ऑडिओ टूर करतोय: निवेदन किती असावं?

लयवेल्हाळ

नमस्कार मंडळी.

मी पखवाज आणि तबला वाजवतो. कार्यक्रमांच्या निमित्ताने युरोपात फिरणं होतं, आणि मधे मोकळे दिवस मिळाले की पाय इटलीच्या सिसिली बेटाकडे, तिथल्या पालेर्मोकडे वळतात. या शहराची मराठीतून ऑडिओ टूर करायला घेतली आहे. हेडफोन लावायचे आणि चालत सुटायचं. बरंचसं ध्वनिमुद्रण झालंय. घोडं अडलंय ते एकाच ठिकाणी: मी बोलायचं किती?

माझं मत विचाराल तर अगदी कमी. तयार टूर ऐकल्यात त्यात निवेदक श्वास न घेता बोलत असतो. अमक्या साली बांधलं, तमक्या राजाने बांधलं. आणि तेवढ्यात हातभर अंतरावर एखादा भाजीवाला जे गातो ते हुकतं.

बाल्लारोचा बाजार घ्या. तिथल्या विक्रेत्यांच्या आरोळीला अब्बान्याता म्हणतात. एक वांगीवाला आहे. तो वरच्या स्वरावर सुरुवात करतो, तिथे जरा उभा राहतो, मग लहान लहान हरकती घेत खाली घसरतो आणि शेवटचा स्वर ताणून धरतो. तो स्वर सुटायच्या आत समोरचा मासेवाला आपली आरोळी उचलतो. दोघांची पट्टी वेगळी, पण एकमेकांच्या जागा ते बरोबर सोडतात. वर ताडपत्र्या असल्यामुळे आवाज उडून जात नाही, गल्लीतच फिरत राहतो. पालेर्मोवर ८३१ ते १०७२ मुसलमानांचं राज्य होतं, आणि या आरोळीत अरबी गायकीचं वळण आहे असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. आता हे मी बोलून सांगू, की नुसती आरोळी ऐकवू?

मोकळेपणाने लिहा.

घाटमाथा

नुसती ऐकवून भागणार नाही. अब्बान्याता हा प्रकार मला तुमच्या लिहिण्यातून कळला आणि मग ती ऐकावीशी वाटली. तुम्ही न सांगता ती कानावर पडली असती तर बाजाराचा गलका म्हणून मी पुढे निघून गेले असते. तुमचा कान तयार आहे, आमचा तुम्ही तयार करून द्या.

चहाबिस्कीट

घाटमाथा +१. फक्त ते 'आता तुमच्या डावीकडे पाहा' नको. एका टूरमध्ये (शहर दुसरं) आम्ही सगळ्यांनी आज्ञाधारकपणे डावीकडे पाहिलं तर तिथे केशकर्तनालय. आत दाढीला बसलेले आजोबा आम्हा सगळ्यांना फेस लावलेल्या तोंडाने हात करत होते. सगळ्यात लक्षात राहिलेलं प्रेक्षणीय स्थळ तेच.

बारामतीचा_पाहुणा

आपे रिक्षा आहे का टूरमध्ये? ती बनवणाऱ्या पियाजिओचा कारखाना आमच्या बारामतीत आहे. इटलीत ही गाडी १९४८ पासून धावते. तिचा आवाज नसेल तर टूर अपुरी.

लयवेल्हाळ

@बारामतीचा_पाहुणा, आहे तर! पालेर्मोत तिला लापा म्हणतात. तिथली जुनी, छोटी गाडी टू-स्ट्रोक, त्यामुळे आवाज पातळ आणि चिरका. आपल्याकडची डिझेलची आपे खर्जात बोलते.

पण लापाचा खरा आवाज तिच्या टपावरच्या भोंग्यातून येतो. स्फिन्चोने नावाचा पदार्थ असतो. जाड, लुसलुशीत पावाचा तळ, त्यावर टोमॅटो, कांदा, खारवलेली अँचोवी मासळी, चीज आणि पावाचा चुरा. तो विकणारे लापा घेऊन फिरतात आणि भोंग्यावर टेप लावलेली असते: 'आत्ताच भट्टीतून काढलंय, आत्ताच!' त्याच टेपमध्ये पुढे स्वतःच्या मालाचं वर्णन: 'तेल कमी, धूळ भरपूर!' सगळं शहर हे लहानपणापासून ऐकत आलंय. लोक हसतात आणि विकत घेतात.

चहाबिस्कीट

'तेल कमी, धूळ भरपूर' हे आमच्या नाक्यावरच्या वडेवाल्याला सांगणार आहे. त्याच्याबाबतीत निम्मंच खरं ठरेल.

शंकेखोर

विरोधी सूर लावतो. यूट्यूबवर पालेर्मोत तासन्‌तास चालत फिरण्याच्या चित्रफिती पडल्यात. त्यात आरोळ्याही आहेत, गाड्याही आहेत. मग टूर कशाला? आणि दुसरं, त्या वांगीवाल्याला विचारलंत का? त्याचा गळा ही त्याची कमाई आहे.

लयवेल्हाळ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. विचारलं. टूरमध्ये ज्यांचा आवाज ओळखू येईल इतका जवळून आहे, त्या प्रत्येकाला विचारलं आणि रेकॉर्डिंग ऐकवलं. वांगीवाल्याने ते कानाला लावून पूर्ण ऐकलं, म्हणाला हा सकाळचा आवाज आहे, अजून गळा उघडला नव्हता, अकरा वाजता ये. अकराला गेलो. तेच टूरमध्ये आहे. कलाकाराला आपला कोणता 'टेक' बरा हे ठरवायचा हक्क असतो, तो त्यालाही आहे.

पहिल्याचं उत्तर: चित्रफितीत डोळे पुढे पळतात आणि कान मागे राहतात. पार्श्वसंगीत म्हणूनच आवाज येतो. मला उलटं हवंय.

इतिहासवेडा

पालाझ्झो देई नोर्मान्नी, म्हणजे नॉर्मन राजवाडा, घेताय ना? तिथल्या काप्पेल्ला पालातिना या राजाच्या खासगी प्रार्थनामंदिरात सगळे मान वर करून सोनेरी मोझेक बघतात. त्याच्याही वर लाकडी छत आहे, मुकर्नसचं, म्हणजे कोनाड्यांच्या थरांचं, पूर्णपणे इस्लामी कारागिरीचं. ते जवळून पाहिलंत तर त्यावर वादक रंगवलेत! ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारे, नाचणाऱ्या स्त्रिया, हातात प्याला घेऊन बसलेले लोक. ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर, बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या पद्धतीचं मोझेक आणि डोक्यावर अरबी मैफल. हे बाराव्या शतकाच्या मध्यातलं काम.

त्याच मंदिराच्या दाराजवळ एक शिलालेख आहे, ११४२ सालचा, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत. विषय काय? रॉजरने करवून घेतलेलं घड्याळ. ते पाण्यावर चालायचं असं मानतात. घड्याळ गेलं, शिलालेख राहिला. या दोन गोष्टी निवेदनाशिवाय तुम्ही कशा दाखवणार? छत मुकं आहे आणि घड्याळ नाहीच.

शेजारधर्म म्हणून ला मार्तोराना चर्चही सांगतो. ११४३ चं, रॉजरच्या नौदलप्रमुखाने बांधलेलं. आज तिथे इटलीतल्या अल्बेनियन वंशाच्या ख्रिस्ती समाजाची उपासना चालते, बायझंटाइन पद्धतीने. ती उपासना गायली जाते. ते मात्र नुसतं ऐकवा, एक अक्षर न बोलता.

रागमाला_पुणे

सुंदर धागा. एक सूचना: बोलणं कमी ठेवायचं तर खाली संगीत भरा. संगीतकार आलेस्सांद्रो स्कार्लात्ती पालेर्मोत जन्मला (१६६०). आणि मार्रांझानो! दातांत धरून वाजवायचं ते लोखंडी वाद्य. आपलं राजस्थानी मोरचंग आणि दक्षिणेतलं मोरसिंग त्याच कुळातलं. तुम्ही लयीचे माणूस, तुम्हाला तर मोह व्हायला हवा.

लयवेल्हाळ

मोह झाला आणि आवरला. बाजाराच्या आवाजाखाली संगीत घातलं की बाजाराची स्वतःची लय मरते. पालेर्मोच्या संगीत विद्यालयाला आता स्कार्लात्तीचंच नाव आहे. टूरमध्ये तो तिथे येतो, मुलांच्या सरावाच्या आवाजासोबत. मार्रांझानो वाजवणारा जिथे भेटला त्याच जागी तो ऐकू येतो. रोझा बालिस्त्रेरी (१९२७-१९९०) या थोर लोकगायिकेबद्दल मी दोन मिनिटं बोललोय. शेतमजूर-मच्छिमारांच्या, तुरुंगातल्या लोकांच्या गाण्यांना तिने आपला खरबरीत, धारदार आवाज दिला. तिची गाणी हक्कांमुळे टूरमध्ये घेता येत नाहीत, पण ज्यांनी ऐकली नसतील त्यांनी आजच ऐका.

पांढरीकाठी

उशिरा लिहितोय. मला जन्मापासून दिसत नाही, धागा स्क्रीन रीडरवर ऐकला.

लयवेल्हाळ, तुमच्या मूळ मताशी मी असहमत आहे. 'नुसते आवाज' ही कल्पना डोळस माणसाची आहे. तुम्ही ती आरोळी ऐकता तेव्हा तुम्हाला वांग्यांचा ढीग दिसत असतो, गल्ली केवढी आहे ते दिसत असतं, मागून येणारी स्कूटर दिसत असते. ती सगळी माहिती डोळे फुकट पुरवतात, म्हणून निवेदन जास्तीचं वाटतं. मला ती शब्दांतूनच मिळणार. पायाखाली फरशी आहे की डांबर, पायऱ्या किती, गल्ली कुठे वळते, पाण्याची पन्हळ कुठे आडवी येते. हे सांगितलंत तर तुमचा वांगीवाला मला निवांत ऐकता येईल. नाही सांगितलंत तर माझं सगळं लक्ष न आपटण्यात जाईल.

काय नको तेही सांगतो. 'भव्य दर्शनी भाग', 'नयनरम्य', 'डोळ्यांचं पारणं फेडणारा' हे शब्द माझ्या काहीच कामाचे नाहीत. त्याऐवजी जागेचा आवाज सांगा. अरुंद बोळातून चौकात आलो की दोन्ही कानांवरचा दाब सुटतो. दगडी कमानीखाली काठीचा टक जाड होतो. मी नवीन जागी गेलो की जिभेने 'टॉक' करून बघतो, भिंत किती लांब आहे ते कळतं. तुमच्या टूरमध्ये ऐकणाऱ्याला टाळी वाजवायला सांगा. डोळसांनाही सांगा, त्यांनाही येईल.

आणि कान बंद करणारे हेडफोन अजिबात नकोत. कान मोकळे ठेवणारे घ्यायला सांगा. रहदारीच्या शहरात हा जिवाचा प्रश्न आहे.

घाटमाथा

पांढरीकाठी, हा प्रतिसाद दोनदा वाचला. स्वयंपाकघरात उभी राहून 'टॉक' करून पाहिलं, मग जिन्यात जाऊन केलं. खरंच वेगळं येतं!

लयवेल्हाळ

पांढरीकाठी, मनापासून आभार. यामुळे सगळा आराखडाच नव्याने मांडावासा वाटतोय. टाळीसाठी जागा आहेत. क्वात्रो कांती, दोन जुने हमरस्ते जिथे छेदतात तो सतराव्या शतकातला चौक, अष्टकोनी आहे. चार कोपऱ्यांवर चार अंतर्वक्र दगडी इमारती. रस्त्यातून येणारा आवाज तिथे आल्यावर एकदम मोकळा होतो आणि चारी बाजूंनी परत येतो. रस्त्यावर वाजवणारे तिथेच का उभे राहतात ते टाळी वाजवली की कळतं.

दुसरी जागा सांता मारिया देल्लो स्पाझिमो. छप्पर नसलेलं चर्च, आत झाडं उगवलीत, आता तिथे जॅझचे कार्यक्रम होतात. उंच भिंती आणि वर आकाश. टाळी बाजूंनी परत येते, वरून येत नाही.

तिसरी तेआत्रो मास्सिमो. १८९७ ला व्हेर्दीच्या ऑपेराने सुरू झालेलं, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या ऑपेरागृहांपैकी एक. त्यात एक गोल दालन आहे. बरोबर मध्यभागी उभं राहून बोललात तर स्वतःचाच आवाज मोठा होऊन ऐकू येतो. बाकी दालनात मात्र आवाज इतका घुमतो की बाहेरून कोण काय बोलतंय ते कळत नाही. प्रतिष्ठितांच्या गप्पांसाठी याहून सोयीची खोली कुठली!

ध्वनिपेटी

मी ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं तांत्रिक.

एक पेच दिसतोय. लयवेल्हाळ, तुमचं वर्णन वाचून वाटतं की तुम्ही बायनॉरल घेतलंय, म्हणजे दोन्ही कानांत माइक ठेवून. ते कान बंद करणाऱ्या हेडफोनवर अद्भुत वाटतं, मागचा माणूस खरंच मागे वाटतो. पण पांढरीकाठी म्हणतात त्या मोकळ्या कानांच्या किंवा हाडातून ऐकवणाऱ्या हेडफोनवर तो परिणाम बराचसा निघून जातो. म्हणून दोन प्रकार करा. चालण्याच्या भागात साधं स्टीरिओ आणि हळू आवाज, म्हणजे खरा रस्ता ऐकू येईल. बायनॉरल फक्त जिथे बाकावर किंवा पायरीवर बसवणार तिथे.

फोनवर काही रेकॉर्ड केलं असेल तर तपासा. फोन आपणहून आवाज वर-खाली करतो, त्यामुळे आरोळी आणि तिच्यामागची शांतता एकाच पातळीवर येतात. आरोळीची सगळी गंमत त्या चढउतारात आहे. आणि प्रत्येक जागेचा नुसता, कोणी जवळ बोलत नसतानाचा मिनिटभर आवाज घेऊन ठेवा. निवेदनाचे तुकडे जोडताना तोच कामी येतो.

कुडाळचो_झील

पालेर्मोक बाहुले आसत ना? तेंचो आवाज खंय?

(बाकी प्रमाण मराठीत.) आमच्याकडे पिंगुळीला ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ला पद्मश्री मिळाली. लहानपणी खेळ पाहिलेत. बाहुली आधी कानाला कळते, पडद्यामागे पायाची हालचाल सुरू झाली की पोरं गप्प. तिथलं कसं असतं?

लयवेल्हाळ

@कुडाळचो_झील, टूरचा शेवटचा मोठा थांबा तोच! ओपेरा देई पुपी. युनेस्कोने २००१ ला त्याला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. शार्लमेन या मध्ययुगीन युरोपीय सम्राटाच्या सरदारांच्या कथा. ओर्लांदो आणि रिनाल्दो हे तिथल्या पोरांचे भीम-अर्जुन. पालेर्मोचे बाहुले साधारण ८० सेंटिमीटरचे, गुडघ्यात वाकणारे, म्यानातून तलवार उपसणारे. सिसिलीतल्याच कातानिया शहराचे त्यांच्याहून पुष्कळ उंच, पाय ताठ आणि तलवार कायम हातात.

आवाजाचं म्हणाल तर तीन थर असतात. धातूच्या चिलखतावर धातूची तलवार, एक. हाताने फिरवायचा यांत्रिक पियानो, दोन. आणि तिसरा मला सगळ्यात प्रिय: खेळवणारा लाकडी फळ्यांवर पाय आपटतो. लढाई सुरू होते तेव्हा पाय सावकाश पडतो, मग दुगुन, मग नुसता कल्लोळ, आणि मुंडकं उडालं की एकदम थांबतो. लय तो पायाने चालवतो, बाहुले तिच्यावर लढतात.

याच कथा नुसत्या तोंडी सांगायची कला म्हणजे कुंतो. मिम्मो कुतिक्कियो हे तिचे आजचे मोठे कलावंत. हातात तलवार, बाकी काही नाही. लढाईच्या ऐन भरात ते शब्द मधेच तोडतात, अक्षरं सुटी होतात, अर्थ मागे पडतो आणि फक्त बोल उरतात. आम्ही पखवाजाची पढंत करतो, म्हणजे बोल तोंडाने म्हणतो, तेव्हा जे घडतं तेच. मला इटालियन यथातथाच येतं, सिसिलियन तर नाहीच, तरी लढाई कोण जिंकतंय ते कळत होतं.

कुडाळचो_झील

वाचूनच अंगार काटो इलो.

मिलानवासी

नोकरीमुळे इटलीत आहे, पालेर्मोला जुलैत गेले होते. सांता रोझालियाचा उत्सव घ्याच. १६२४ ला प्लेग आला तेव्हा मोंते पेल्लेग्रिनो डोंगरावर तिच्या अस्थी सापडल्या, त्यांची शहरातून मिरवणूक काढली आणि साथ ओसरली अशी श्रद्धा. १४ जुलैच्या रात्री रथ निघतो आणि क्वात्रो कांतीला 'व्हिवा पालेर्मो ए सांता रोझालिया' असा घोष होतो. हजारो लोकांचा तो आवाज छातीत लागतो.

पण त्याहून मला डोंगरावरचं देऊळ आवडलं. चर्च गुहेत आहे. खडकातून पाणी ठिबकतं, ते गोळा करायला छताखाली पत्र्याच्या पन्हळी लावल्यात. वर तमिळ ऐकू आलं! श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची पालेर्मोत मोठी वस्ती आहे, त्यातले हिंदूसुद्धा रोझालियाला मानतात, डोंगर चढून येतात. एका आजींनी मला भारतीय पाहून हाताला धरून पुढे नेलं, पणती लावायची जागा दाखवावी तशी मेणबत्तीची जागा दाखवली. ठिबकणारं पाणी आणि त्यांचं पुटपुटणं, एवढंच ऐकू येत होतं.

आणि वुच्चिरियाचा बाजार? तोही घेणार ना?

लयवेल्हाळ

वुच्चिरियाने मला बरेच दिवस छळलंय. पालेर्मोत एक म्हण आहे: 'वुच्चिरियाच्या फरशा वाळतील तेव्हा', म्हणजे कधीच नाही. मासळीच्या पाण्याने त्या फरशा कायम ओल्या असायच्या. आता गाळे मोजकेच उरलेत, रात्री तरुण पोरं प्यायला जमतात, आणि दिवसा फरशा कोरड्या असतात. मी दिवसा रेकॉर्ड केलं तर आला काय, दूरची एक स्कूटर आणि कबुतरं. तो भाग टाकू की काढू हे ठरत नाहीये.

घाटमाथा

टाकाच! आणि इथे बोला. मूळ प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतंय. जे वाजतंय त्यावर बोलू नका, पण जे वाजायचं थांबलंय ते आम्हाला तुमच्याशिवाय कोण सांगणार? कबुतरं ऐकवा आणि मग ती म्हण सांगा. इतिहासवेडा यांचं घड्याळही त्यातच बसतं.

इतिहासवेडा

अगदी! तेआत्रो मास्सिमोही बसेल. १९७४ ला दुरुस्तीसाठी बंद केलं ते १९९७ लाच उघडलं. तेवीस वर्षं शहराचं ऑपेरागृह मुकं होतं. पालेर्मोच्या एका अख्ख्या पिढीने ते फक्त बाहेरून पाहिलं.

शंकेखोर

घाटमाथा यांचा मुद्दा पटला. यूट्यूबचा माझा आक्षेप मागे.

लयवेल्हाळ

घाटमाथा, जिंकलात. तर आता असं करतो. आवाज जिवंत आहे तिथे मी आधी दोन वाक्यं बोलून गप्प बसेन: बाल्लारो, मार्तोराना, पुपी. आवाज गेला आहे तिथे सविस्तर बोलेन: वुच्चिरिया, घड्याळ, बंद ऑपेरागृह. रोझालियाच्या गुहेसाठी वेगळा भाग, कारण ती शहराबाहेर डोंगरावर आहे. आणि पांढरीकाठी म्हणतात तशी वाटेची माहिती देणारी स्वतंत्र फीत, पायऱ्या, वळणं, पायाखालची जमीन सगळं धरून. ती करायला मला पुन्हा तिथे जाऊन वाट पायांनी मोजावी लागेल, डोळे मिटून, कुणाचा तरी हात धरून. नक्की करणार.

पांढरीकाठी

डोळे मिटून नको, तुम्ही घाबराल आणि घाबरलेल्या माणसाची पावलं लहान पडतात, सगळी मोजणी चुकेल. पायऱ्या मोजा, पण अंतर पावलांत देऊ नका, मीटरमध्ये किंवा खुणेने द्या: 'कॉफीच्या वासानंतर उजवीकडे'. पहिला मसुदा झाला की पाठवा, मी आणि माझे दोन मित्र ऐकून सांगतो.

चहाबिस्कीट

स्फिन्चोनेच्या वासानंतर मी उजवीकडे वळणार नाही, सरळच जाईन.

घाटमाथा

बाल्लारोला कधी जावं? आणि टूर इंटरनेटशिवाय चालेल का?

लयवेल्हाळ

सकाळीच, आठवड्याच्या मधल्या दिवशी. रविवारी बाजार लवकर आवरतो. टूर आधी उतरवून घेता येईल, म्हणजे तिथे इंटरनेट लागणार नाही.

ध्वनिपेटी

मिक्सिंगला मदत करायला आवडेल, पैसे नकोत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. वांगीवाल्याचं अकरा वाजताचं रेकॉर्डिंग आधी पाठवा.